लिबियाची मानवनिर्मित नदी: आधी पाणी संपेल की पाइप?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिबियाने सहारा वाळवंटाखालचं पाणी चार मीटर व्यासाच्या पाइपांतून समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरांपर्यंत आणलं. ते पाणी ५० वर्षांत संपेल असं एका ठिकाणी वाचलंत, हजारो वर्षं पुरेल असं दुसऱ्या ठिकाणी. खरं काय? आणि एवढा मोठा समुद्रकिनारा असताना समुद्राचं पाणी गोडं करायचं सोडून हा खटाटोप कशासाठी?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे उत्तर किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. माझं काम मोठ्या व्यासाच्या जलवाहिन्यांचं. सुरुवातीची वर्षं महाराष्ट्रात पाणीपुरवठा योजनांवर गेली, नंतरची आखातात. लिबियात मी काम केलेलं नाही. पण तिथे ज्या जातीचा पाइप टाकला आहे, त्या जातीच्या पाइपांची आत शिरून तपासणी करणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे तुम्ही विचारलंत पाण्याबद्दल, पण मी बरंचसं बोलणार आहे पाइपबद्दल. माझ्या मते या योजनेचा खरा प्रश्न तिथेच आहे.

तरी पाण्यापासून सुरुवात करू, कारण दोन्ही आकडे कुठून आले हे समजलं की अर्धा गोंधळ मिटतो.

लिबियाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग वाळवंट आहे. वस्ती जवळजवळ सगळी उत्तरेला भूमध्य समुद्राच्या काठी. त्रिपोलीच्या आसपासचा जेफारा नावाचा सपाट प्रदेश पूर्वी विहिरींवर चालायचा. उपसा वाढला, पाण्याची पातळी खाली गेली आणि समुद्राचं खारं पाणी भूजलात शिरू लागलं. किनाऱ्यावर विहिरींचा अतिरेक झाला की हे होतंच, कोकणातही काही ठिकाणी दिसतं. दुसरीकडे १९५०च्या दशकात दक्षिणेच्या वाळवंटात तेल शोधताना कुफ्राच्या बाजूला गोड्या पाण्याचे प्रचंड साठे सापडले. आधीचा विचार असा होता की पाणी आहे तिथेच शेती करायची. कुफ्राला गोल फिरणाऱ्या सिंचन यंत्रांवर शेतं उभी राहिली. पण इतक्या लांब माणसं न्यायची, तिथे वसवायची आणि पिकलेला माल परत किनाऱ्यावर आणायचा, हे जमेना. मग विचार उलटा झाला: माणसं हलवण्यापेक्षा पाणी हलवू. २८ ऑगस्ट १९८४ रोजी सरीर इथे पायाभरणी झाली. पहिल्या टप्प्याचं पाणी १९९१ मध्ये बेनगाझीला पोचलं, दुसऱ्या टप्प्याचं १९९६ मध्ये त्रिपोलीला.

सगळे टप्पे मिळून आराखड्यातली क्षमता दिवसाला ६५ लाख घनमीटर. वर्षाचा हिशोब केला तर सुमारे २.४ घन किलोमीटर, आपल्या भाषेत ८४ टीएमसीच्या आसपास. जायकवाडीचा उपयुक्त साठा साधारण ७७ टीएमसी आहे. म्हणजे दरवर्षी एक जायकवाडी भरून उरेल इतकं पाणी जमिनीखालून काढून वाळवंटापलीकडे न्यायचं, असा हा बेत. प्रत्यक्षात योजना त्या पूर्ण क्षमतेला कधी पोचलेली नाही, पण आकाराची कल्पना यावी म्हणून आकडा सांगितला.

आता "हजारो वर्षं". पूर्वेकडच्या विहिरी ज्या साठ्यावर आहेत तो न्युबियन वालुकाश्माचा साठा. तो लिबिया, इजिप्त, सुदान आणि चाड या चार देशांखाली सुमारे २० लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि त्यात दीड लाख घन किलोमीटर पाणी असावं असा अंदाज सांगितला जातो. दीड लाखाला २.४ ने भागा, उत्तर ६० हजार वर्षांच्या वर जातं. लोक हाच भागाकार करून मोकळे होतात. पण हे पाणी चार देशांत विखुरलेलं, बरंचसं फार खोल, काही खारं आणि बहुतेक परवडणाऱ्या खर्चात वर न येणारं. शिवाय त्रिपोलीला जाणारं पाणी जबल हसौना भागातून येतं, तो साठा वेगळा आहे. न्युबियन साठ्याचा आकडा त्याला लावून चालत नाही.

आणि "५० वर्षं"? कुठल्याही मोठ्या पाणी योजनेचा आराखडा करताना काही वर्षांचा कालावधी धरून हिशोब करतात, ५० वर्षं हा त्यातला नेहमीचा आकडा. आराखड्यातला असा कालावधी बातमीत आला की "५० वर्षांत पाणी संपणार" होऊन जातो.

भूजल टाकीतल्या पाण्यासारखं संपत नाही. उपसा सुरू झाला की विहिरींच्या समूहाभोवती पाण्याची पातळी फनेलच्या आकारात खाली जाते. जितकी खाली जाईल तितका पंपाचा चढाव वाढतो, विजेचं बिल वाढतं, काही विहिरी कोरड्या पडतात, काहींचं पाणी खारट होऊ लागतं. शेवटी एक दिवस असा येतो की खाली पाणी आहे, पण ते वर काढणं परवडत नाही. तो दिवस कधी येईल हे साठ्यापेक्षा उपशाचा वेग, विहिरींमधलं अंतर आणि विजेचा भाव यांवर जास्त अवलंबून असतं. म्हणून एका वर्षाचा आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो ५० असो की ५,०००. एक गोष्ट मात्र पक्की: हे पाणी परत भरत नाही. हजारो, काही ठिकाणी लाखो वर्षांपूर्वी सहारात पाऊस पडत होता त्या काळातलं ते आहे. काढलेला प्रत्येक थेंब कायमचा गेला.

जाता जाता एक सांगतो, कारण मराठवाड्यातून हे नेहमी विचारलं जातं: "तिथे ५०० मीटरवर पाणी लागतं, मग आपण खोल बोअर का घेत नाही?" तिथला खडक वालुकाश्म आहे. वाळूचे कण आणि त्यांच्यामध्ये जागाच जागा, आणि असे थर शेकडो मीटर जाड. आपल्याकडे काळा बेसाल्ट. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या थरात, भेगांमध्ये आणि दोन लाव्हा थरांच्या मधल्या सांध्यात. खोल गेलं की भेगा कमी होत जातात. हजार फूट बोअर मारून फुफाटाच हाती लागलेली गावं तुम्ही पाहिली असतील. लिबियाची खोली इथे लावू नका.

आता समुद्राचं पाणी. लिबियाला सुमारे १,७७० किलोमीटर किनारा आहे, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. हिशोब विजेचा आहे. एक घनमीटर पाणी १०० मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राप्रमाणे ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांत वाया जाणारी वीज धरली तर ०.४ युनिट समजा. विहीर ४५०-५०० मीटर खोल असली तरी पंप तेवढ्या खोलीवरून पाणी उचलत नाही. पाणी आपल्या दाबाने विहिरीत बरंच वर येतं, उपसा चालू असताना ते ज्या पातळीला असतं, तिथूनच पंपाला वर उचलायचं असतं. त्यात दक्षिण उंच आणि समुद्रकिनारा खाली, त्यामुळे वाटेत बऱ्याच अंतरावर पाणी उताराने धावतं. याउलट समुद्राचं पाणी पडद्यातून गाळून गोडं करायला आजच्या चांगल्या संयंत्रातही घनमीटरला ३ ते ४ युनिट लागतात. १९८०च्या दशकात तर मोठी संयंत्रं पाणी उकळून वाफ करायची, त्यांची ऊर्जा याच्या कितीतरी पट. त्या काळात दिवसाला लाखो घनमीटर पाणी शेतीसाठी समुद्रातून काढणं हा विचारच करण्यासारखा नव्हता. आणि योजनेच्या मूळ बेतात पाण्याचा मोठा वाटा शेतीलाच होता. हे लक्षात घेतलं तर १९८४ चा निर्णय मला वेडेपणाचा वाटत नाही. आज तोच प्रश्न कोणी नव्याने विचारला तर उत्तर वेगळं येईल, त्याकडे शेवटी येतो.

आता पाइप.

पहिल्या टप्प्यात सुमारे १,६०० किलोमीटर लाइन. एक पाइप ७.५ मीटर लांब, आतला व्यास चार मीटर, वजन ७० टनांच्या वर. किलोमीटरला १३३ पाइप, म्हणजे पहिल्या टप्प्यातच दोन लाखांहून जास्त, आणि जवळजवळ तेवढेच जॉइंट, प्रत्येकात रबर रिंग. लोखंडी पाइप का नाही वापरले? चार मीटर व्यासाचा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा पाइप सात मीटर खोल चरात पुरायचा तर मातीच्या वजनाने तो अंडाकृती होऊ नये म्हणून पत्रा भरपूर जाड लागतो, आणि तेवढं पोलाद बाहेरून आणायचं. काँक्रीटला वाळू, खडी, सिमेंट लागतं, ते देशात मिळतं. म्हणून ब्रेगा आणि सरीर इथे पाइपचे कारखाने उभे केले. काम दक्षिण कोरियाच्या डाँग आ कंपनीकडे होतं.

हा पाइप नेमका कसा असतो ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मध्ये पोलादी पत्र्याचं पातळ नळकांडं. त्याला काँक्रीटचा गाभा. गाभ्यावर पाच-सहा मिलिमीटर जाडीची अतिशय कणखर तार प्रचंड ताणाखाली गुंडाळतात, वेटोळ्यांमध्ये थोडी थोडी जागा ठेवून. ही तार काँक्रीटला बाहेरून आवळून धरते. काँक्रीट दाब सहन करतं, ताण करत नाही. आतल्या पाण्याचा दाब पाइपला बाहेर ढकलतो तेव्हा तारेने आधीच दिलेली आवळ तो ताण खाऊन टाकते. सगळ्यात वर तारेला गंज लागू नये म्हणून सिमेंट मॉर्टरचं, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचं दोन-तीन सेंटिमीटरचं कवच. आपल्याकडे पीएससी (प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट) पाइप म्हणून जो ओळखला जातो, तो याचाच भाऊबंद. महाराष्ट्रातल्या कित्येक प्रादेशिक योजनांमध्ये तो टाकलेला आहे.

म्हणजे पाइपची सगळी ताकद त्या तारेत. तार सुरक्षित राहते, कारण सिमेंट अल्कलीयुक्त असतं आणि त्या वातावरणात पोलादावर गंजाला अडवणारा एक सूक्ष्म पापुद्रा बसतो. पण जमिनीत क्लोराइड, म्हणजे मीठ असेल आणि ओल असेल, तर ते मॉर्टरमधून झिरपत तारेपर्यंत जातं आणि तो पापुद्रा फोडतं. वाळवंटाची माती कोरडी म्हणून निरुपद्रवी, असं लोक समजतात. उलट आहे. पाऊस नसल्यामुळे तिथलं मीठ कधी धुऊन जात नाही, जमिनीतच साचत राहतं. मग एखाद्या जॉइंटमधून थोडी गळती झाली, किंवा सखल जागी पाणी साचलं, की मिठाला हवी असलेली ओल मिळते.

लिबियात नेमकं हेच झालं. १९९९ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत पूर्वेकडच्या लाइनवर पाच ठिकाणी चार मीटरचे पाइप फुटले. कारण तारांचा गंज. पहिला पाइप फुटला तेव्हा पाणी सुरू होऊन दहा वर्षंही झाली नव्हती.

इथे मी थांबून एक मुद्दा ठळकपणे मांडतो. एमएस पाइप गंजला तर आधी सुईएवढं भोक पडतं. वाळूत ओल दिसते, लाइनमन कळवतो, क्लॅम्प मारतो किंवा पत्रा वेल्ड करतो. डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाच्या) पाइपचंही बरंचसं असंच, जॉइंट पाझरायला लागतो, वेळ मिळतो. तारेच्या पाइपमध्ये तसं नाही. एक तार तुटली, शेजारच्यांनी भार घेतला. दुसरी तुटली, तिसरी तुटली, बाहेर काहीही दिसत नाही. आतलं नळकांडं अखंड आहे तोवर थेंबही गळत नाही. मग एका रात्री पंप बंद-चालू होताना दाबाची लाट येते आणि पाइप एकदम फाटतो. चार मीटर व्यासाच्या लाइनमध्ये प्रत्येक किलोमीटरला साडेबारा हजार घनमीटर, म्हणजे सव्वा कोटी लिटर पाणी असतं. ते एका जागेवरून बाहेर यायला लागलं की खड्डा नाही, तळं होतं, आणि शेजारचे पाइपही पायाखालची माती जाऊन हलतात.

तर मग असा पाइप तपासायचा कसा? जुनी रीत हातोडीची. लाइनचा एक भाग दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून रिकामा करायचा, हवा सोडायची, ऑक्सिजन तपासायचा, मग मॅनहोलमधून आत उतरायचं. चार मीटरच्या पाइपमध्ये माणूस ताठ उभा राहतो. दोघं-तिघं ओळीत चालतात, एक डावीकडे ठोकतो, एक उजवीकडे. चांगल्या पाइपचा आवाज भरीव आणि तीक्ष्ण येतो. जिथे तारा गेल्या आहेत तिथे आवळ सैल पडलेली असते, गाभ्याचे थर सुटू लागतात आणि आवाज पोकळ, बद्द येतो. घड्याळाच्या तीनच्या आणि नऊच्या जागी, म्हणजे पाइपच्या दोन्ही कुशींवर लांबीच्या दिशेने जाणारी बारीक चीर दिसली की आम्ही पाइपवर खडूने खूण करून लगेच पुढे सरकायचो. अशी चीर म्हणजे पाइपने शरणागती पत्करायला सुरुवात केल्याची खूण. आडव्या, गोल चिरा बहुतेक वेळा घाबरण्यासारख्या नसतात, त्या वाकण्यातून किंवा आकुंचनातून येतात. नवीन पोरांना हा फरक शिकवायला वेळ लागतो, कारण गोल चीर जास्त ठसठशीत दिसते आणि धोका असतो नाजूक चिरेत.

हातोडी उशिरा सांगते, हा तिचा दोष. तारा बऱ्याच तुटल्यावरच आवाज बदलतो. म्हणून पाइपमधून विद्युतचुंबकीय यंत्र फिरवून कुठल्या पाइपमध्ये अंदाजे किती तारा तुटल्या आहेत ते काढतात. आणि त्याहून पुढची पायरी ध्वनीची. ताणलेली तार तुटते तेव्हा तिचा आवाज पाण्यातून लांबवर जातो. पाइपमध्ये ऑप्टिकल फायबरची केबल सोडून ठेवली की तो आवाज केबलमधल्या प्रकाशात फरक पाडतो आणि नियंत्रण कक्षात कळतं की अमुक पाइपमध्ये अमुक वेळी तार तुटली. लिबियाने फुटीनंतर ही ध्वनी-देखरेख मोठ्या प्रमाणावर बसवली. सडलेले पाइप बदलले. एखाद्या पाइपमध्ये महिन्यात तारा तुटण्याचा वेग वाढला की तिथला दाब कमी करायचा, लाइन रिकामी करायची, पाइप उघडा करून बाहेरून नव्या तारांनी आवळायचा किंवा बदलायचा. ही पद्धत उत्तम आहे, मी स्वतः तिच्यावर विसंबून निर्णय घेतलेले आहेत. पण तिला चोवीस तास वीज, चालू उपकरणं, आकडे वाचणारा माणूस आणि खोदायला जाऊ शकणारं पथक लागतं. चारपैकी एक नसेल तर बाकी तिघांचा उपयोग नाही.

गंज थांबवायचा दुसरा उपाय कॅथोडिक संरक्षण, म्हणजे जमिनीत झिजणारा धातू पुरून तारेऐवजी त्याला गंजू द्यायचं. यातही या पाइपची एक खोड आहे. विद्युतदाब गरजेपेक्षा जास्त झाला तर तारेच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो, पोलादात शिरतो आणि तार ठिसूळ होऊन तुटते. साध्या लोखंडी पाइपवर जास्त संरक्षण दिलं तर फार तर कोटिंग उचकटतं, इथे औषधच जिवावर उठतं. म्हणून हे काम अनुभवी माणसाच्या देखरेखीशिवाय करू नये.

इथपर्यंतचं एकत्र धरलं तर चित्र असं: खाली पाणी पुष्कळ आहे, पण ते शहरात पोचतं ते शेकडो विहिरी, त्यांची वीज, लाखो पाइप आणि ते सतत ऐकत-तपासत बसणारी माणसं यांच्या भरवशावर. आता २०११ नंतर काय झालं ते पाहा.

जुलै २०११ मध्ये नाटोच्या विमानांनी ब्रेगाच्या पाइप कारखान्यावर बॉम्ब टाकले. तिथून रॉकेट डागली जात होती, असं नाटोचं म्हणणं. वाद बाजूला ठेवू, माझ्यासारख्याला त्यातली एकच गोष्ट दिसते: खराब पाइप बदलायला चार मीटरचा नवा पाइप कुठेही दुकानात मिळत नाही. तो अशा खास कारखान्यातच बनतो. ऑगस्टमध्ये त्रिपोलीचं पाणी तुटलं आणि लाखो लोकांना बाटलीबंद पाण्यावर दिवस काढावे लागले. पुढच्या वर्षांत पश्चिमेकडच्या लाइनच्या ४७९ विहिरींपैकी १०१ विहिरी उखडून निकामी झाल्याचं जुलै २०१९ मध्ये समोर आलं. तांब्याच्या केबल, ट्रान्सफॉर्मर, पंप, जे उचलता येईल ते चोरीला. आपल्याकडे शेतावरच्या मोटरची केबल चोरीला जाते, तेव्हा एका शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. तिथे शहर तहानेलं राहतं. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या ऐन काळात, एका सशस्त्र गटाने शुवैरीफ इथलं नियंत्रण केंद्र ताब्यात घेऊन प्रवाह बंद पाडला. त्रिपोली आणि आसपासच्या २० लाखांहून जास्त लोकांचं पाणी गेलं. त्यांच्या मागणीचा पाण्याशी संबंध नव्हता, पाणी फक्त हाताशी असलेली मानगूट होती.

यात एक तांत्रिक गोष्ट बातम्यांत येत नाही. अशी लाइन अचानक बंद केली, किंवा वीज जाऊन पंप एकदम थांबले, तर शेकडो किलोमीटर लांबीचं धावतं पाणी थबकतं. दिवसाला दहा लाख घनमीटर वाहत असेल तर चार मीटरच्या पाइपमध्ये वेग सेकंदाला जेमतेम ०.९ मीटर, माणसाच्या रमतगमत चालण्याइतका. पण त्या पाण्याचं वजन बघा. त्यातून उठणारी दाबाची लाट सेकंदाला सुमारे एक किलोमीटरच्या वेगाने पाइपमधून पुढे-मागे धावते. चांगल्या पाइपला ते सोसतं. ज्याच्या तारा आधीच तुटल्या आहेत त्याला नाही. म्हणून बंदुकीच्या धाकाने फिरवलेला एक व्हॉल्व्ह त्या दिवसापुरतं पाणी तोडतोच, शिवाय कुठेतरी लांब एका पाइपचं आयुष्यही कमी करतो. ते नुकसान काही वर्षांनी बाहेर येतं, आणि तेव्हा कोणी त्याचा संबंध जोडत नाही.

देखभाल थांबली की पाणी काय करतं हे लिबियाने सप्टेंबर २०२३ मध्ये देर्नाला पाहिलं. १९७०च्या दशकात बांधलेली दोन धरणं एका वादळी रात्रीत फुटली आणि हजारो माणसं गेली. ती या योजनेचा भाग नव्हती. पण इशारे दिले गेले होते आणि दुरुस्ती झाली नव्हती, एवढं साम्य मला अस्वस्थ करायला पुरेसं आहे.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: दक्षिणेतल्या विहिरींखालचं पाणी आपल्या हयातीत संपणार नाही, असं मी मानतो. पण ते त्रिपोली-बेनगाझीच्या नळाला त्याआधीच कितीतरी वेळा बंद पडेल, आणि एखाद्या पट्ट्यात कायमचं बंद पडण्याचीही शक्यता आहे. हे किती लवकर घडेल ते मीठ असलेल्या पट्ट्यांत वेळच्या वेळी पाइप बदलले जातात का, यावर ठरेल. यात बदलणाऱ्या बाबी खूप आहेत. जमीन जागोजागी वेगळी. एकाच लाइनवर दहा किलोमीटर ठणठणीत आणि पुढचे दोन किलोमीटर सडलेले, हे मी दुसऱ्या देशांत अनेकदा पाहिलं आहे. पाइप बनवताना तार कशी होती, मॉर्टर किती दाट बसलं, त्या पाळीत कारखान्यात कोण होतं, यावरही फरक पडतो. म्हणून "या पाइपचं आयुष्य इतकी वर्षं" असं सरसकट कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

आणि दुसरा प्रश्न, समुद्राचं पाणी आता गोडं करावं का? माझं मत, हो, पण किनाऱ्यावरच्या शहरांच्या पिण्यापुरतं. शेतीसाठी ते आजही परवडत नाही. पडद्यांची किंमत आणि वीज दोन्ही १९८०च्या मानाने फार खाली आली आहे. शहराच्या जवळ संयंत्र असेल तर हजार किलोमीटर लाइनवरचा भरवसा कमी होतो, आणि दक्षिणेत कोणी व्हॉल्व्ह बंद केला तरी दवाखान्यांचं पाणी चालू राहतं. पण संयंत्रालाही अखंड वीज लागते, आणि लिबियात २०११ नंतर कित्येक वर्षं तिचीच मारामार होती. शिवाय मोठं संयंत्र किनाऱ्यावर एका जागी उभं असतं, लढाईत तेही तितकंच उघडं. त्यामुळे एक सोडून दुसरं धरा, असं मी सांगणार नाही. दोन्ही ठेवा.

याचा एक फायदा फारसा कोणी बोलत नाही. शहरांनी थोडं पाणी समुद्रातून घेतलं तर लाइनमधून तितकं कमी ढकलावं लागेल, म्हणजे दाब कमी ठेवता येईल. तारेच्या पाइपवर काम करणाऱ्याला याचं मोल माहीत आहे. पूर्ण दाबावर ज्या पाइपला वीस तारा तुटल्यावर धोका आहे, तोच पाइप अर्ध्या दाबावर त्याहून बऱ्याच जास्त तारा गमावूनही उभा राहतो. आम्ही कित्येकदा बदलायला पाइप हातात नसताना पहिलं काम हेच करायचो: पंप हाऊसला फोन करून एक पंप बंद करायला सांगायचं, दाब उतरवायचा, आणि मग खोदाईच्या मागे लागायचं.